वावरात सापडलेलं जुनं खेळणं ओळखायचं कसं?

मेटल डिटेक्टर घेऊन नव्याने फिरायला लागलेल्या माणसाच्या डोक्यात नाणी असतात. हाती येतात ते खिळे, वखराच्या पासेचे तुकडे, औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पाकिटं. मधूनच एखादी वस्तू अशी निघते की ती कशाची आहे तेच कळत नाही. बोटभर लांबीचा पितळी बैल, ओळीने भोकं पाडलेली लोखंडी पट्टी, मुंडकं तुटलेला शिशाचा शिपाई. पैशांत किंमत दिसत नाही म्हणून अशा वस्तू भंगारवाल्याकडे जातात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. राजेरजवाड्यांची नाणी संग्रहालयांत पुष्कळ आहेत. विदर्भातल्या खेड्यातलं लेकरू साठ-सत्तर वर्षांपूर्वी कशाशी खेळत होतं, याचा पुरावा मात्र फारसा कुणी जपलेला नाही.

नवख्या माणसाने आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. किती गंजलंय आणि किती खोल निघालं यावरून खेळण्याचं वय ठरत नाही. ते कसं जोडलं होतं, कुठे झिजलंय आणि सोबत काय पडलं होतं, यावरून ठरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच तीन गोष्टींकडे नेतात.

पहिली पायरी: जागा आणि परवानगी

आपल्याकडे कुणी यंत्र घेऊन वावरात वाकलेला दिसला की गावाला पहिली शंका गुप्तधनाची येते. ती शंका उगाच नाही. गुप्तधनाच्या नावावर खेड्यांत फसवणूक आणि अघोरी प्रकार झाले आहेत, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा समावेश आहे. म्हणून दिवसाउजेडी जा, अमावास्येच्या आसपास जाऊच नका, आणि वावराच्या मालकाला सोबत घ्या. "काका, तुमच्या वावरात यंत्र फिरवू का? खड्डा बुजवून देतो, काही निंघालं त तुमच्यासमोरच ठेवतो," एवढं सरळ सांगितलं की बहुतेक शेतकरी नाही म्हणत नाहीत. शक्य असेल तर परवानगी कागदावर घ्या. पोलीस पाटलांच्या कानावरही घालून ठेवा.

मालकाशी बोलण्याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. "थ्या धुऱ्यापाशी पयले आखर होतं," असं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं की तुमचं अर्धं काम झालं. खेळणी हरवतात ती पोरं जिथे खेळतात तिथे. गुरं जमायची ते आखर, जुनं खळं, शाळेमागचं पटांगण, पडक्या वाड्याचं अंगण, गावाबाहेरचा उकिरडा, जत्रेचं मैदान. उठून गेलेल्या गावांच्या जागाही पाहण्यासारख्या असतात. महसुली नोंदीत अशा मौजांपुढे 'रिठी' लिहिलेलं सापडतं.

काही ठिकाणी पाय ठेवू नका. संरक्षित स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं सरळ वर्ज्य आहेत. विदर्भात अशी स्थळं खूप आहेत: वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर, भंडारा जिल्ह्यातलं पवनी, नागपूर जिल्ह्यातली मनसर, नगरधन, अडम, महुरझरी, आणि जुनापाणीची शिळावर्तुळं. गावाशेजारी राखाडी-पांढऱ्या मातीचं टेकाड असेल, लोक त्याला 'पांढरी' म्हणत असतील आणि पावसानंतर तिथे खापरं-मणी उघडे पडत असतील, तर ती जुन्या वस्तीची जागा आहे. तिच्यावर कागदोपत्री संरक्षण असो वा नसो, तिथे खणू नका. वनजमीन, छावणीची हद्द, आणि गडचिरोली-गोंदियाचा माओवादी हिंसाचार झेललेला जंगलपट्टा यांच्यापासूनही लांब राहा. तिथे जमिनीतला धातू जिवावर बेतू शकतो.

हंगाम म्हणाल तर रब्बी निघाल्यावर वखरणी झालेलं वावर चांगलं. भर उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते. मृगाच्या एक-दोन सरी पडल्या आणि पेरणीला अजून अवकाश असला, की ते चार-आठ दिवस सोन्याचे. पेरलेल्या वावरात पाय टाकायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी पायरी: यंत्र लावताना

पश्चिम विदर्भाची काळी माती बेसॉल्टपासून झालेली आहे. तिच्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात, त्यामुळे यंत्र उगाच कुरकुर करतं. काम सुरू करण्याआधी आणि मातीचा रंग बदलला की पुन्हा, ग्राउंड बॅलन्स करून घ्या, म्हणजे मातीमुळे होणारी कुरकुर यंत्रात बंद करून घ्या. संवेदनशीलता थोडी कमी ठेवली तरी चालेल. पूर्वेकडे भाताच्या बांध्यांतली माती वेगळी असते, तिथे यंत्र तुलनेने शांत चालतं.

नवखे लोक लोखंडाचा आवाज बंद करून टाकतात. नाण्यांसाठी ते ठीक. पण खेळण्यांच्या शोधात असं केलंत तर भोवऱ्याची आर, पत्र्याची मोटार, नंदीबैलाच्या चाकाची सळई हे सगळं तुमच्या पायाखालून निसटेल. लोखंडाचा आवाज चालू ठेवा, कान सरावतात. पत्रा सपाट आणि रुंद असला तर तो चांगल्या धातूसारखाही वाजतो, हे ध्यानात असू द्या.

तिसरी पायरी: वर काढण्याआधी बघा

आवाज आला की खुरप्याने लांबून, गोल माती सोडवा. वस्तू दिसली की थांबा. शेजारी काडेपेटी किंवा पट्टी ठेवून मोबाइलने फोटो घ्या. मग खड्ड्यात आणि बाहेर काढलेल्या मातीत यंत्र पुन्हा फिरवा. खेळणं मोडून पडलेलं असतं, त्याचे भाग हातभर अंतरात विखुरलेले असतात. एक चाक सापडलं म्हणून निघून जाणाऱ्याला गाडी कधीच मिळत नाही.

खोलीबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. काळी माती उन्हाळ्यात फाटते, भेगा हात-दीड हात खोल जातात, आणि वरची वस्तू त्या भेगेतून खाली उतरते. पावसात माती फुगते आणि खालचं वर ढकललं जातं. शिवाय नांगर दरवर्षी थर उलटेपालटे करतोच. त्यामुळे दीड फुटावर नव्वद सालचं टिकल्यांचं पिस्तूल निघू शकतं आणि चार बोटांवर भोसलेकालीन पैसा.

खोलीपेक्षा सोबतीला जास्त वजन द्या. शेजारी भोकाचा पैसा निघाला तर तो १९४३ ते १९४७ मधला. 'नया पैसा' निघाला तर १९५७ नंतरचा, कारण दशमान नाणी त्या वर्षीच्या १ एप्रिलला सुरू झाली. कमळाचं पितळी रंगाचं वीस पैशाचं नाणं असेल तर १९६८ ते १९७१. नांगरलेल्या वावरात एका नाण्यावरून निष्कर्ष काढू नये, पण एकाच कोपऱ्यात तीन-चार वस्तू एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तर ती साक्ष भक्कम धरावी.

चौथी पायरी: धुऊ नका

घरी आणल्यावर पहिली इच्छा होते ती चिंच, लिंबू, राख किंवा पितांबरी लावून लखलखीत करायची. कृपा करून तसं करू नका. पत्र्यावरचा रंग, छापलेली अक्षरं, शिशावरचा रंगाचा कण, हे सगळं त्या मातीच्या पापुद्र्यालाच चिकटलेलं असतं. घासलं की ओळख गेली, आणि ती परत येत नाही.

माती सावलीत वाळू द्या. मग दाढीचा किंवा रंगाचा मऊ ब्रश आणि बांबूची टोकदार काडी घेऊन कोरडंच झाडा. पितळ आणि तांब्याला गरज वाटली तर डिस्टिल्ड वॉटर लावा आणि लगेच टिपून घ्या. लोखंडाला आणि पत्र्याला पाणी नकोच. शिशाची वस्तू हाताळल्यावर हात साबणाने धुवा, लहान पोरांच्या हातात देऊ नका, आणि स्वयंपाकघरात तर आणूच नका.

पाचवी पायरी: धातू कोणता?

आधी चुंबक लावा. चिकटला तर लोखंड किंवा पत्रा. नाही चिकटला तर रंग बघा: हिरवट असेल तर तांबं-पितळ-कासं, मळकट पांढरा आणि नखाने ओरखडा उठत असेल तर शिसं, पांढरी भुकटी आणि बारीक तडे असतील तर जस्तमिश्र धातू, अगदी हलकं असेल तर ॲल्युमिनियम.

शंका राहिलीच तर घनता काढा. ही युक्ती फार कामाची आहे आणि तिला ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल काट्याशिवाय काही लागत नाही. वस्तूचं कोरडं वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. आता वस्तू दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी धरा. ती तळाला किंवा काठाला लागता कामा नये. काट्यावर जो आकडा दिसेल तेवढे घन सेंटीमीटर तिचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. समजा बैलाचं वजन ६८ ग्रॅम भरलं आणि पाण्यात धरल्यावर काट्याने ८ दाखवले, तर उत्तर ८.५, म्हणजे पितळ. शिसं ११.३ च्या आसपास येतं, तांबं ८.९, लोखंड ७.८, खेळण्यांतलं जस्तमिश्रण ६.७ च्या जवळपास, ॲल्युमिनियम २.७. पोकळ वस्तूत हवा अडकली की उत्तर कमी येतं, म्हणून बुडबुडे निघून जाऊ द्या. रंग शिल्लक असलेल्या, लोखंडाच्या किंवा पत्र्याच्या खेळण्यावर हा प्रयोग करू नये.

सहावी पायरी: जोड वाचा

इथे घाई करू नका. भिंग घ्या, खिडकीपाशी बसा आणि वस्तू तिरप्या उजेडात फिरवा.

पत्र्याच्या खेळण्यात दोन भाग कसे धरलेत ते पाहा. एका पत्र्याला छोटे कान ठेवून ते दुसऱ्याच्या खाचेतून काढून आतून मुडपले असतील, तर ते कारखान्यात साच्याने कापलेलं काम आहे. डाग देऊन, म्हणजे कथलाने जोडलं असेल आणि डागाची जाड रेघ वेडीवाकडी असेल, तर ते गावातल्या किंवा जत्रेतल्या कारागिराचं. अशा वेळी पत्र्याची आतली बाजू जरूर बघा. जत्रेतली कितीतरी खेळणी रिकाम्या डब्यांच्या पत्र्यापासून बनत. बाहेरून लाल-हिरवा रंग आणि आत डब्याच्या जाहिरातीचा तुकडा, असं खेळणं हाती आलं तर नशीबवान समजा. आतून डालड्याचं चित्र डोकावत असेल तर खेळणं १९३७ च्या आधीचं नाही, कारण डालडा बाजारात आलाच त्या वर्षी.

ओतीव वस्तूवर दोन साच्यांच्या मधली रेघ शोधा. रेघ बारीक, सरळ आणि दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर धातूचा साचा, म्हणजे कारखाना. पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत आणि रेघ कानशीने घासलेली असेल तर वाळूच्या साच्यातलं ओतकाम. रेघच नाही आणि अंगावर मेणाच्या दोऱ्यांसारखे बारीक वळसे आहेत, तर मेण वितळवून ओतलेली वस्तू. ती हाताने घडवलेली, प्रत्येक वेगळी.

स्क्रू असेल तर त्याचं डोकं बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला, त्यामुळे असा स्क्रू असलेलं खेळणं त्याआधीचं असू शकत नाही. एकाच आडव्या खाचेवरून मात्र काही ठरत नाही, तो आजही मिळतो.

आणि झीज. चाकाच्या सळईचं भोक गोल राहिलंय की लांबट झालंय? छातीशी किंवा नाकाशी दोरी ओवायचं भोक आहे का, आणि त्याची पुढची कड गुळगुळीत झाली आहे का? या दोन खुणा असल्या तर ती वस्तू ओढत नेली जात होती, आणि तिच्या खेळणं असण्याविषयी मला तरी शंका उरत नाही.

सातवी पायरी: अक्षरं

परदेशी खेळण्यांच्या पोटावर बहुधा काहीतरी कोरलेलं असतं. 'मेड इन जर्मनी' असा ठसा १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर रूढ झाला. 'डी. आर. जी. एम.' ही चार अक्षरं जर्मन नोंदणीची, १८९१ पासूनची. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षं, १९५२ पर्यंतची. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने डिंकी नावाच्या छोट्या मोटारी १९३४ पासून विकल्या. लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स मोटारी १९५३ पासूनच्या. डिंकीचे काही साचे पुढे कलकत्त्याला आले आणि त्यांतून निकी टॉइज या नावाने मोटारी निघाल्या. गाडी विलायती दिसते पण पोटावर डिंकी नाव नाही, असं झालं तर हा दुवा तपासा.

भारतीय खेळण्यावर पत्ता असेल आणि त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आयएसआय चिन्ह खेळण्यांना सक्तीचं झालं २०२१ पासून, म्हणजे तसं चिन्ह असेल तर जुनं समजून हुरळू नका.

परदेशी खेळणं वऱ्हाडच्या खेड्यात कसं येईल, असं वाटेल. येतं. कामठीची छावणी १८२१ सालची, नागपूरला रेल्वे आली १८६७ ला. खामगाव, हिंगणघाट, अमरावतीच्या कापूस बाजारांमुळे परदेशी माल आणि परदेशी माणसं दोन्ही इथवर पोचली. रेल्वेचे साहेब, जिनिंगचे मालक, मालगुजारांची वाडे-हवेल्यांतली मुलं, यांच्या हातून सुटलेलं एखादं खेळणं पुढे गड्याच्या पोराकडे आणि तिथून वावरात, असा प्रवास अवघड नाही.

आठवी पायरी: आपल्याकडे काय काय निघू शकतं

सगळ्यात आपलं म्हणावं असं खेळणं तान्ह्या पोळ्याचा नंदीबैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत दारोदारी बोजारा, म्हणजे सणाची ओवाळणी मागायला निघतात. लाकूड मातीत सडून जातं आणि उरतं ते लोखंड-पितळ, म्हणून हा बैल सापडतो तो बैलाच्या रूपात नाही. एका हातभर जागेत दोन बारीक सळया, चार छोट्या कड्या किंवा वायसर, काही खिळे, कधी शिंगांच्या दोन चिमुकल्या पितळी शेंब्या आणि एखादं घुंगरू असं मिळालं, तर सगळं त्याच जागी ठेवून वरून फोटो काढा. दोन सळयांमधलं अंतर म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. त्यावरून बैल किती लांब होता याचा अंदाज येतो. सुटे सुटे उचलले की ते फक्त भंगार.

भोवऱ्याची आर म्हणजे एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला लाकडात ठोकायला चपटी केलेली लोखंडी खिळी. साध्या खिळ्याला डोकं असतं, हिला नसतं, आणि टोक बोथट, गुळगुळीत झिजलेलं असतं. आखराच्या जागी अशा आरी पुष्कळ निघतात. कंच्यांच्या खेळातला लोखंडी छर्रा बहुतेक बेअरिंगमधला असतो, अगदी अचूक गोल. तो खडबडीत किंवा किंचित लांबट असेल तर सावध व्हा. बंदुकीची जुनी गोळीही तशीच दिसते आणि ती शिशाची असते.

दिवाळीची खेळणी वेगळी. टिकल्यांच्या पिस्तुलाचे दोन अर्धे पत्रे रिबिटांनी जोडलेले असतात, हातोडीला स्प्रिंग असते. लांब सळईच्या टोकाला छोटी वाटी आणि तिच्यात बसणारी खिळी दिसली तर ती गंधक-पोटॅशची बंदूक. भिंतीवर आपटून आवाज काढायची, आज साठीत असलेल्यांनी नक्की वाजवली असेल. वाटीत काही भरलेलं दिसलं तर खरवडू नका.

जत्रांच्या मैदानांचा माल सगळ्यात मजेदार. बहिरम, गिरड, मार्कंडा, चंद्रपूरची महाकाली, रामटेक, इथून पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी शिट्ट्या, खुळखुळे, टिकटिक वाजणारे पत्र्याचे बेडूक आणि फटफट बोटी घरी नेल्या. फटफट बोट ओळखायची खूण सांगतो: पत्र्याच्या होडीच्या मागून शेजारी-शेजारी निघालेल्या दोन बारीक नळ्या आणि आत चपटी डबी किंवा नळीचं वेटोळं. आत वात पेटवली की पाणी तापून ती फटफट करत पळते. या युक्तीचं पेटंट इंग्लंडात १८९१ सालचं आहे, आणि त्याच युक्तीवरची बोट आपल्या जत्रांत अजून विकली जाते. त्यामुळे नुसती बोट सापडली म्हणून वय सांगता येत नाही. पत्रा आणि जोडच विचारावे लागतात.

पितळी भातुकली हाताशी आली तर ती पूजेच्या भांड्यांपासून वेगळी करावी लागते. पूजेची पळी, पंचपात्र, निरांजन लहान असली तरी वापराच्या मापाची असतात. भातुकलीत मात्र जी वस्तू खऱ्या घरात मोठीच असते तीही बोटभर असते: जातं, गंगाळ, परात, चूल. तळाला काजळीचा थर असेल तर पोरींनी तिच्यात खरंच काही शिजवलं होतं की ते निरांजन होतं, हे काजळी आत आहे की बाहेर यावरून बघा.

अर्ध्या-अर्ध्या इंचावर, म्हणजे १२.७ मिलिमीटरवर भोकं असलेली पट्टी मेकॅनोची, म्हणजे पट्ट्या नट-बोल्टने जोडायच्या खेळसंचाची, किंवा तशा भारतीय संचाची. मोजपट्टी लावली की लगेच कळतं. शिशाचा शिपाई पोकळ असेल तर तो इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये आणलेल्या पद्धतीचा किंवा तिच्या नकलेचा. उंची साधारण ५४ मिलिमीटर असते. जुन्या छोट्या मोटारीला तडे जाऊन ती वाळक्या भाकरीसारखी तुटत असेल तर तो जमिनीचा दोष नाही. जस्तमिश्रणात शिशासारखी भेसळ राहिली की ते आतून फुटत जातं, आणि युद्धापूर्वीच्या मोटारींत हे फार दिसतं. अशी मोटार हातात उचलण्याआधी खालच्या मातीसकट डब्यात घ्या.

नववी पायरी: खेळण्यासारखं दिसतं, पण नसतं

पितळी घोडा, त्यावर स्वार, पायाखाली चपटी बैठक, आणि चाकाचं भोक कुठेच नाही. असा घोडा बहुधा देवघरातला किंवा देवाला वाहिलेला असतो. चांदी-तांब्याच्या पत्र्यावर उठवलेली आकृती असेल तर तो टाक, म्हणजे कुणाच्या तरी कुळाचा देव. अशा वस्तू वावराच्या मालकाच्या आणि घरातल्या आजीच्या हाती आधी द्या. त्या काय सांगतात ते ऐका आणि लिहून घ्या. त्यांना ती परत देवघरात ठेवायची असेल तर तो त्यांचा हक्क मोठा.

बैलांचे घुंगरू, शिंगांच्या शेंब्या, कुंकवाचा करंडा, चुन्याची डबी, सुरमेदाणी, प्राण्याच्या आकाराचं कुलूप, छटाकाचं वजन, अडकित्त्याचा अर्धा भाग, हे सगळं नवख्याला खेळणं वाटतं. नियम सोपा आहे: उघडतं का, कापतं का, तोलतं का, लटकतं का? उत्तर हो आलं तर आधी त्या कामाची वस्तू समजा.

चाकांवरचा प्राणी नेहमी नवाच असेल असंही समजू नका. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला कांस्याचा बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा सापडले. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर आहे आणि ते हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाशी जोडले जातात. खेळणी की पूजेच्या वस्तू, यावर अभ्यासकांत आजही चर्चा चालते.

आता जिवाची गोष्ट. मागे पंख असलेली, नारळासारखी किंवा कांडीसारखी बंद लोखंडी वस्तू, तांब्या-ॲल्युमिनियमची वायर निघालेली पेन्सिलएवढी नळी, डुकरांसाठी ठेवलेला गावठी बॉम्ब, यांतलं काहीही वाटलं तर हात लावू नका. यंत्र बंद करा, मागे सरा, खूण ठेवा आणि ११२ ला फोन करा. पुलगावचं दारूगोळा भांडार, जवाहरनगर आणि भद्रावतीच्या आयुधनिर्माणी यांच्या परिसरात यंत्र न्यायचंच नाही.

दहावी पायरी: कुणाला सांगायचं, कसं ठेवायचं

१८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. पत्रात चार गोष्टी हव्यात: वस्तू काय आहे, अंदाजे मोल किती, कुठे सापडली, कोणत्या तारखेला. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. तिच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. नव्वदच्या दशकातल्या पिस्तुलासाठी कुणी जिल्हा कचेरीत जाणार नाही हे मलाही कळतं. पण शंभरीची शंका आली, मौल्यवान धातू असला किंवा एकाच जागी पुष्कळ वस्तू निघाल्या, तर खणणं तिथेच थांबवा. तहसीलदारांमार्फत पत्र द्या, पोच घ्या, आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला फोटो दाखवा. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ सालचं आहे. तिथल्या वस्तू एकदा नीट बघून आलात तर जुनं धातूकाम ओळखायला डोळा तयार होतो.

बाकीची खेळणी मालकाच्या संमतीने ठेवलीत तर प्रत्येकीला स्वतंत्र झाकणाची प्लास्टिक डबी द्या आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. पितळेवर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उमटू लागले तर ती वस्तू इतरांपासून वेगळी करून अगदी कोरडी ठेवा. शिशाची वस्तू लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात नको, त्यांतल्या आंबट वाफेने शिसं पांढरं पडून झडतं. डबीवर चिठ्ठी लावा: गाव, शिवार, शक्य असल्यास गट नंबर, तारीख, सोबत काय निघालं, आणि ती पाहून गावातलं कोण काय म्हणालं. ज्यांनी लहानपणी अशी वस्तू हाताळली आहे ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, तेव्हा चिठ्ठीतला तो शेवटचा रकाना आधी भरा.